सेंबेनची पंगत वेगळी

'आफ्रिकेचा ऑस्कर' हे शब्द ऐकले की आपलं डोकं फिरतं. ऑस्कर कुणाचा? हॉलिवुडचा. मग काळ्या माणसानं आपल्या सिनेमाचा मान करायचा तो गोऱ्याच्या गजानं मोजून? आफ्रिका मूव्ही अकॅडमी अवॉर्ड्स हा सोहळा 2005 साली नायजेरियात सुरू झाला, दरसाल होतो. लाल गालिचा, भाषणं, कॅमेऱ्यांचा लखलखाट. वर्तमानपत्रं त्याला कौतुकानं आफ्रिकेचा ऑस्कर म्हणतात आणि सोहळेवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

दोस्तहो, गैरसमज नको. पीस अन्याम-ओसिग्वे नावाच्या बाईनं हा मांडव घातला, 2023 साली ती वारली. केनिया, घाना, काँगो, सगळ्यांचे सिनेमे एका मांडवाखाली आणणं हे कानच्या उंबऱ्यावर ताटकळण्यापेक्षा शंभर पटीनं बरं. सोहळा बंद करा असं मी म्हणत नाही. माझं भांडण पंगतीशी आहे.

या सोहळ्यात एक बक्षीस आहे : आफ्रिकी भाषेतला सर्वोत्तम चित्रपट. पुन्हा वाचा. आफ्रिकेच्या सोहळ्यात आफ्रिकी भाषेला वेगळं पान! म्हणजे मधल्या पंगतीत कोण बसलंय? इंग्रजी. तिला कुणी जात विचारत नाही. 'इंग्रजी भाषेतला सर्वोत्तम चित्रपट' असं बक्षीस नाही, कारण ती घरचीच धरलेली. योरुबा, इग्बो, हौसा, स्वाहिली, लिंगाला मात्र पाहुण्या. आपल्याच घरात! वेगळी पंगत म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मराठी साहित्याच्या वाड्यातसुद्धा आपल्याला 'दलित' अशी पाटी लावून ओसरीवरच पान मांडलं होतं, आणि वर म्हणत होते, बघा, केवढा मान दिला.

आणि या वेगळ्या पानावर नाव कुणाचं कोरलंय? उस्मान सेंबेनचं!

सेंबेन म्हणजे सेनेगलचा पोरगा, जन्म 1923 चा. फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात गोदी कामगार होता. बोटीवरचा माल उतरवताना त्याच्या पाठीला जबर मार बसला. आम्ही गोदीवाले ही पाठ ओळखतो. आज कंटेनर क्रेननं उतरतो, तरी त्याचं लॅशिंग सोडायला माणूसच वर चढतो. व्हिएतनामच्या लढाईला जाणारी हत्यारं बोटीवर चढवायची नाहीत म्हणून 1950 साली मार्सेच्या गोदीत संप झाला, त्या संपात हा होता. 1956 साली त्याची पहिली कादंबरी आली, नावच 'काळा गोदी कामगार'. फ्रेंचमध्ये लिहिलेली. मग ध्यानात आलं, ज्यांच्यासाठी लिहितोय त्यांना वाचताच येत नाही. तेव्हा हा चाळिशीला टेकलेला माणूस मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकून आला. 1968 साली त्यानं 'मांदाबी' काढला, वोलोफ भाषेत. पैसा फ्रान्सचा होता, म्हणून फ्रेंचमध्येही एक आवृत्ती करावी लागली. तरी वोलोफ सोडली नाही. आपली भाषा मधोमध बसवायला हा माणूस जन्मभर झगडला, 2007 साली मेला, आणि त्याचं नाव लावलं कुठं, तर बाजूच्या पंगतीला. याला सन्मान म्हणायचं?

ज्याची नक्कल चाललीय त्या खऱ्या ऑस्करचा न्याय बघा. 2019 साली नायजेरियानं 'लायनहार्ट' पाठवला, जेनेव्हिव्ह नाजीचा. सिनेमा दीड तासाचा, त्यात इग्बो जेमतेम 11 मिनिटं, बाकी इंग्रजी. ऑस्करवाल्यांनी तो स्पर्धेतूनच काढून टाकला. का? तर इंग्रजी जास्त झाली! त्याच वर्षी त्यांनी त्या वर्गाच्या नावातला 'परभाषा' हा शब्द काढून 'आंतरराष्ट्रीय' घातला होता. नाव बदललं, नियम तोच. ज्या इंग्रजानं बंदूक लावून भाषा लादली त्याचीच भाषा बोललात, म्हणून बाहेर व्हा. तिथं इंग्रजी बोललं म्हणून बाहेर, घरी इग्बो बोललं तर वेगळं पान. जायचं कुठं, साला?

आणि ही नायजेरियाची फिल्मी बाजारपेठ उभी कशावर राहिली? 1992 चा 'लिव्हिंग इन बॉण्डेज'. केनेथ नेब्यू हा इलेक्ट्रॉनिक मालाचा व्यापारी. त्याच्याकडे कोऱ्या व्हिडिओ कॅसेटी पडून होत्या, त्या खपवायला त्यानं सिनेमा भरला. सिनेमा इग्बो भाषेत होता. लोकांनी बाजारातून कॅसेटी उचलल्या, घरोघरी बघितल्या. परीक्षक नाही, गालिचा नाही. ज्या भाषेनं भाकर दिली तिलाच आता पाटी लावून बसवायचं!

मांडव कुठं घातला तेही सांगतो. पहिला सोहळा मे 2005 मध्ये येनागोआत झाला, बायेल्सा राज्याची राजधानी, इजॉ लोकांचा मुलूख. याच मुलखातल्या ओलोइबिरी गावात 1956 साली शेल कंपनीला तेल लागलं. तेल गेलं परदेशात, गाळ राहिला खाडीत, मासे मेले. याच राज्यातलं ओडी गाव नोव्हेंबर 1999 मध्ये नायजेरियाच्या लष्करानं जाळून सपाट केलं. त्यानंतर सहा वर्षांतच शेजारी गालिचा अंथरला. तेव्हाचा राज्यपाल आलामियेसेघा. मे मध्ये त्याच्या राजधानीत झगमगाट, सप्टेंबरात लंडनच्या पोलिसांनी त्याला काळा पैसा फिरवल्याच्या आरोपावरून पकडला, आणि 2007 साली नायजेरियाच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. सिनेमावाल्यांनी चोरी केली असं मी म्हणत नाही. पण यजमान कोण होता ते विसरू नका. आणि ज्यांच्या खाडीत तेल सांडलं त्या इजॉंची भाषा, ती कुठल्या पानावर?

कुणी म्हणेल, अरे, 2020 साली 'द मिल्कमेड'ला सर्वोत्तम चित्रपटाचं बक्षीस मिळालं, तो हौसा-फुलफुल्देमध्ये आहे. 2011 साली काँगोचा 'विवा रिवा' जिंकला, त्यात लिंगाला आहे. मान्य. टाळ्या वाजवू. पण वर बसवता येतं हे तुम्हीच सिद्ध केलंत, मग खालची पंगत ठेवलीत कशाला? 'द मिल्कमेड' दहशतवाद्यांनी पळवलेल्या बायकांची कथा सांगतो, आणि नायजेरियाच्या सेन्सॉरनं त्याची 24 मिनिटं कापायला लावली. त्यावर हा मांडव किती बोलला?

1972 साली मुंबईत पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या काळ्या भावांचं. त्याच साली वागादुगूच्या फेस्पाको महोत्सवात पहिलं मोठं बक्षीस नायजरच्या उमारू गांदानं घेतलं. गांदा कोण? आबिदजानच्या बंदरातला हमाल! गोदीतून आलेली ही माणसं बक्षिसाच्या दारात भीक मागत उभी नव्हती.

म्हणून मागणी सरळ आहे. आफ्रिकी भाषांचं वेगळं पान उचला. वेगळी पंगत लागतच असेल तर ती इंग्रजीची लावा, 'परकीय भाषेतला सर्वोत्तम चित्रपट' म्हणा, आणि त्याला नाव द्या एखाद्या इंग्रज लाटसाहेबाचं. सेंबेनचं नाव मोठ्या बक्षिसाला लावा. आणि ते बक्षीस त्याच येनागोआत, खाडीच्या काठावर द्या, समोर पहिल्या रांगेत इजॉ कोळी बसवून.