दानाच्या वस्तूलाही रास्त भाव हवा



दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटेल, ऊसतोडीच्या टोळ्या येतील आणि त्यांच्याबरोबर त्यांची लेकरेही येतील. या लेकरांच्या वह्या-पुस्तकांसाठी अन् थंडीच्या कपड्यांसाठी निधी उभारावा. गावोगावच्या हौशी कलाकारांनी चित्रे, गोधड्या, मातीच्या वस्तू करून द्याव्यात आणि त्यांचा जाहीर लिलाव करावा, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. सूचना चांगलीच आहे. परंतु एक गोष्ट आधीच बोललेली बरी.

दोन वर्षांमागे शेजारच्या एका गावी असाच लिलाव झाला. आमच्या वहिनींनी त्यासाठी गोधडी शिवली. जुनी लुगडी उसवून धुतली, थर लावले आणि सगळा पावसाळा रात्री बसून धावदोरा घातला. मधोमध बैलजोडी, चारी कडांना उसाची पाने. बोली पन्नास रुपयांपासून सुरू झाली अन् एकशे ऐंशीवर तोडली. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, रोख दोनशे दिले असते तर माझे डोळे तरी वाचले असते."

आता मला सांगा, आपल्या उसाला कोणी असा भाव पुकारला तर आपण गप्प बसू का? रस्त्यावर उतरू! २००९ पासून एफआरपी म्हणजे रास्त व किफायतशीर दर आपल्याला कायद्याने मिळतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत, म्हणून आपण भांडतो. मग दुसऱ्याच्या घामाला आपण वाटेल तो भाव कसा पुकारतो?

"दानच आहे, भाव कशाला?" असे कोणी म्हणेल. अहो, करणाऱ्याचे दान म्हणजे त्या वस्तूला आलेली किंमत. ती पाडली की निधीच बुडतो. स्वस्तात घेणारा खूश होतो आणि त्या लेकरांची वही जाते. महात्मा गांधी १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात मिळालेली मानपत्रे अन् भेटवस्तू सभेतच लिलावात काढीत. सही हवी असेल तर पाच रुपये घेत. चांगल्या कामासाठी भाव मागायला त्यांना संकोच वाटला नाही. जत्रेत मानाच्या नारळावर बोली चढते, तेव्हा बाजारातला भाव आपणही विचारत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा :

१) रंग, कागद, कापड, चौकट यांचा खर्च आधी द्यावा. म्हणजे गरिबाघरचा कलाकारही मागे राहणार नाही.

२) करणाऱ्याच्या संमतीने किमान बोली ठरवावी. तेवढी आली नाही तर वस्तू मानाने परत करावी.

३) वस्तू आदल्या दिवशी मांडाव्यात, करणाऱ्याचे नाव लावावे. गुळाच्या सौद्यात तरी रवा पाहिल्याशिवाय बोली कोण करतो?

४) बोलीचे पैसे त्याच जागी द्यावेत, नाहीतर ऊसबिलातून वळते करायला सही द्यावी. जमाखर्च या पत्रिकेत छापावा.

५) चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो वेगळा असतो. कारखान्याच्या दिनदर्शिकेवर घ्यायचे तर चित्रकाराची लेखी परवानगी हवी.

करणाऱ्यांनाही दोन शब्द. "धर्माची गाय अन् दात का नाहीत" ही म्हण इथं चालवू नका. दान द्यायचे म्हणून माळ्यावरचे नको झालेले चित्र उतरवू नका. साध्या घराच्या भिंतीवर मावेल एवढे करा, रंग पक्के वापरा, टाका घट्ट घाला. घेणाऱ्याने ते दहा वर्षे वापरावे आणि पाहुण्यांना सांगावे, असे काम द्या.

यंदाच्या लिलावासाठी गोधडी शिवाल का, असे मी वहिनींना अजून विचारलेले नाही. येत्या सर्वसाधारण सभेत एवढ्या अटी मान्य झाल्या, तर त्याच संध्याकाळी विचारीन.

— एक ऊस उत्पादक सभासद