बोटीवर गेलेला माणूस



आपल्या सटाण्याला समुद्र ठाऊक नाही. इथं पाणी म्हणजे आरम नदीचं, नाहीतर विहिरीचं. पण घरात येणाऱ्या सुना काही सगळ्याच बागलाणातल्या नसतात. बदलीच्या नोकरीनिमित्त आलेल्या, कोकणात माहेर असलेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. त्यांतल्या एखादीला सहज विचारून पाहा. माहेरी एखादे आजोबा नाहीतर पणजोबा असे निघतात, की ज्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं जातं, "ते बोटीवर गेले." कुठल्या बोटीवर? कोणत्या साली? परत का आले नाहीत? असं विचारलं की वडील माणसं विषय बदलतात.

आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर देवगड तालुक्यातलं. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीवर होते, ते परतलेच नाहीत. मनीऑर्डर यायची बंद झाली आणि भावकीनं ठरवून टाकलं, की त्यानं तिकडंच दुसरा संसार थाटला. आजीनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. पण लग्नकार्यात तिला ओटी भरायला बोलवायचं की नाही, यावरून दर वेळी कुजबूज व्हायची. सवाष्ण म्हणावी तर नवरा दिसत नाही, विधवा म्हणावी तर मेल्याची खबर नाही! त्या बाईचे दिवस कसे गेले असतील, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको.

अशा माणसाचा शोध आज लागू शकतो का? प्रत्येकाचा नाही, पण बऱ्याच जणांचा काही ना काही माग लागतो.

आधी थोडी माहिती हवी. इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटींवर काम करायला मुंबई बंदरातून हजारो हिंदी खलाशी जात. भरती बहुधा सारंगामार्फत व्हायची. तो आपल्या गावची, ओळखीची माणसं गोळा करी. त्याच्या हाताखाली तांडेल आणि खलाशी. सारंग, तांडेल ही आडनावं कोकणात आजही आहेत, ती यातूनच आली. म्हणजे एका गावची पाच-सहा माणसं एकाच बोटीवर असणं अगदी शक्य. तुमच्या आजोबांची खबर शेजारच्या घरातल्या ट्रंकेतही असू शकते, बरं का!

युद्धात या बोटींवर पाणसुरुंग आणि पाणबुड्यांचं संकट असे. 'तिलावा' बोटीचंच पाहा. 20 नोव्हेंबर 1942 ला ती मुंबईहून आफ्रिकेला निघाली. बोटीवर 958 माणसं होती, त्यांतले 222 कर्मचारी. 23 तारखेला जपानी पाणबुडीनं तिला बुडवलं. 280 माणसं गेली, 678 वाचली. त्याच बोटीत चांदीच्या 2,364 विटा होत्या. त्या 2017 साली समुद्राच्या तळातून वर काढल्या आणि त्यांच्याबद्दलचा दावा इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2024 मध्ये निकाल लागला. माणसांसाठी मात्र पणजोबा गमावलेल्या एका कुटुंबानं स्वतःच खटपट सुरू केली, इतर घरांना शोधलं, आणि 2022 साली, 80 वर्षांनी, मुंबईत स्मरणाचा कार्यक्रम झाला. चांदीला दावेदार आपोआप मिळतात, माणसासाठी घरच्यांनाच उठावं लागतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

पहिली पायरी घरातच. कुठल्याही दप्तराला चार गोष्टी लागतात : त्या माणसाचं नाव, वडिलांचं नाव, गाव आणि साधारण साल. बोटीचं नाव मिळालं तर सोन्याहून पिवळं. या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असतात, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं. "साल कोणतं?" असं विचारू नका. "धाकट्याचं बारसं झालं होतं का तेव्हा?" असं विचारा, साल आपोआप निघेल. मनीऑर्डरच्या पावत्या, पोस्टकार्डावरचे शिक्के, बोटीच्या नोकरीचं पुस्तक, फोटोची मागची बाजू, सगळं पाहा. जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. स्वच्छ सुती कापडात सपाट ठेवा आणि कुणालाही देताना झेरॉक्सच द्या.

दुसरी पायरी तलाठी आणि तहसील कचेरी. जमीन असेल तर वारसांची नोंद फेरफारात झालेली असते. सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो मेला असं कायदा धरून चालतो. त्यामुळे माणूस कधीपासून बेपत्ता धरला, ते कधी कधी तिथून कळतं.

तिसरी पायरी युद्धाच्या याद्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नावं मुंबई-चितगाव स्मारकाच्या यादीत आहेत. युद्धाखेरीजची माहिती हवी असेल तर मुंबईचं राज्य पुराभिलेखागार आहे, ते 1821 पासूनचं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या उघडता येतं. इंग्लंडमध्ये 1915 सालच्या बोटींवरच्या साडेसात लाखांवर नावांची यादीही सर्वांना खुली आहे.

शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कारकुनानं नाव कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. आडनाव बहुधा नसतंच. तेव्हा स्पेलिंग उलटसुलट करून पाहा, 'व'साठी कधी व्ही तर कधी डब्ल्यू. दुसरं, जिल्हा तेव्हाचा घ्या. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला, त्याआधी देवगड, मालवण, वेंगुर्लं सगळं रत्नागिरीत. रायगडचं नाव तेव्हा कुलाबा होतं. आणि एकाच नावाची दोन-चार माणसं निघतात, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव जुळल्याशिवाय "हेच आमचे" म्हणू नका.

काकूंच्या भाच्यानं असंच केलं. यादीत एका नावाचे तिघं निघाले. दोघांची गावं निराळी होती. तिसऱ्याच्या पुढं वडिलांचं नाव, गाव बरोबर, आणि शेवटी लिहिलेलं, अमुक बाईचा नवरा. त्या आजीचंच नाव! सरकारी कागदावर उभ्या जन्मात तिचं नाव फारसं कुठं आलं नसेल, ते इथं छापलेलं होतं. वर बोट बुडाल्याची तारीख. म्हणजे मनीऑर्डर बंद पडली तेव्हा माणूस गेलेलाच होता. दुसऱ्या संसाराची गोष्ट चाळीस वर्षं त्या बाईला ऐकवली गेली, ती निव्वळ भावकीची होती.

काकू म्हणाल्या, "आजीला कळायला हवं होतं गं." ते आता होणं नाही. पण ज्यांच्या घरी अशी आजी किंवा आत्या अजून आहे, त्यांनी वेळ घालवू नये.

आखाजीला आपण पितरांच्या नावानं घागर भरतो. ज्याची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्रीला पान वाढतो. या वर्षी आखाजीला घागर भरताना घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा आणि एकेक नाव विचारा. जे नाव सांगताना ती अडखळेल, तिथूनच शोधायला लागा.