भीतीचा पत्ता चुकला

जून २०२५ च्या ९ तारखेला, सकाळच्या गर्दीच्या वेळी, मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसे घासली जाऊन रुळांवर पडली. किमान चार जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १२ जूनच्या दुपारी, अहमदाबादहून लंडनच्या गॅटविकला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास मेघाणीनगरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातली २४१ आणि जमिनीवरची १९ अशी २६० माणसे त्यात गेली. यावर मुंबईकराने काय केले? दुसऱ्या दिवशी तो त्याच लोकलच्या त्याच दारात उभा राहिला आणि मोबाइलवर विमान कोसळतानाची चित्रफीत पाहत ‘आता विमानाचे नाव नको’ असे शेजाऱ्याला सांगू लागला.

त्याला हसण्याचे कारण नाही. विमानात बसणाऱ्याच्या हाती काहीच नसते. लोकलच्या दांड्याला धरलेला हात आपला असतो, दुचाकीचा ब्रेकही आपल्याच हातात असतो. त्यामुळे तिथला धोका आटोक्यातला वाटतो. विमानातला मृत्यू एकदम शेकड्यांनी येतो, त्याची दृश्ये दिवसभर फिरतात. रुळांवरचा मृत्यू एकेकट्याने येतो आणि पान सातवर दोन ओळींत संपतो. अहमदाबादच्या विमानातून वाचलेला एकमेव प्रवासी ११ए या आसनावर होता, तर त्या क्रमांकाचे आसन मागणाऱ्यांची संख्या वाढल्याच्या बातम्या आल्या. त्या विमानात ते आसन आपत्कालीन दाराशेजारी होते. दुसऱ्या बनावटीच्या विमानात ११ए पंखावरचे, खिडकीही नसलेले असू शकते. पण घाबरलेला माणूस आधार शोधतो, तो आसनक्रमांकातही सापडतो.

आता आकडे. अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट हे गेली अनेक दशके विमानप्रवासातील मृत्यूंचा हिशेब मांडत आले आहेत. त्यांनी सहकाऱ्यासह २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९६८ ते १९७७ या काळात जगभरात विमानात चढणाऱ्या दर साडेतीन लाख प्रवाशांमागे एकाचा मृत्यू होत असे. २०१८ ते २०२२ या काळात हे प्रमाण १ कोटी ३७ लाखांमागे एक इतके खाली आले. भारत या अभ्यासात सुरक्षेच्या मधल्या गटात आहे, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या पहिल्या पंगतीत नाही, पण तिच्यापासून फार दूरही नाही. मंगळुरूचा २०१० मधला अपघात आणि अहमदाबाद यांच्यामधल्या पंधरा वर्षांत भारतीय विमान कंपन्यांच्या प्रवासी विमानांना प्राणघातक अपघात झाला तो एकच, ऑगस्ट २०२० मध्ये कोझिकोडला. त्यात २१ जण गेले. एकट्या २०२४ मध्ये देशांतर्गत विमानप्रवासी होते १६ कोटींहून अधिक. रस्त्यांवर मात्र २०२३ या एका वर्षात १ लाख ७२ हजारांवर माणसे मेली, रोजची सुमारे ४७०. अहमदाबादेत गेली तेवढी माणसे आपले रस्ते तेरा-चौदा तासांत गिळतात. रस्त्याने जाणारे कितीतरी पटींनी अधिक, हे खरे; म्हणून ही तुलना नुसत्या बेरजांची करू नये. पण प्रत्येकी कापलेल्या किलोमीटरमागे हिशेब केला तरी विमानाची बाजू वरचढच राहते.

भीतीने मार्ग बदलला की काय होते, हे अमेरिकेने २००१ मध्ये पाहिले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लाखो लोकांनी विमान सोडून मोटार धरली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांच्या अंदाजानुसार पुढच्या वर्षभरात महामार्गांवर त्यामुळे सुमारे दीड हजार जादा माणसे मेली. त्या दीड हजारांचे स्मारक कुठेही नाही.

इथे एक भेद मात्र पाळायला हवा. अहमदाबादनंतर तीन दिवसांनी केदारनाथजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले आणि अनेकांनी दोन्ही अपघात एकाच माळेत ओवले. मोठ्या प्रवासी विमानांची वाहतूक आणि डोंगरदऱ्यांतल्या हेलिकॉप्टर फेऱ्या यांच्या सुरक्षेचे जग वेगळे आहे. पहिल्यावरचा विश्वास दुसऱ्याला उसना देता येत नाही.

मोठी विमाने सुरक्षित झाली ती कोणाच्या कृपेने नव्हे. प्रत्येक अपघाताची चौकशी झाली आणि चौकशीतून निघालेले पुढच्या विमानात, पुढच्या धावपट्टीवर उतरले, म्हणून ती सुरक्षित झाली. नोव्हेंबर १९९६ मध्ये हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमाने समोरासमोर आदळली, ३४९ माणसे गेली. त्यानंतर भारतात विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे हवाई मार्ग वेगळे केले गेले. मराठवाड्याला आठवत असेल, २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून उडताना इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकाला बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला घासले, पुढे विजेच्या तारांवर आदळले आणि ५५ जण मरण पावले. चौकशीने वैमानिकांच्या चुका नोंदवल्या, पण तिथेच ती थांबली नाही. विमान उडताना त्या रस्त्यावरची वाहने न रोखणाऱ्या विमानतळ यंत्रणेलाही तिने जबाबदार धरले. विमान अपघाताच्या चौकशीचा उद्देश दोषी शोधणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे आंतरराष्ट्रीय करारातच लिहिलेले आहे. रस्त्यावर याच्या उलट घडते. ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढे पंचनाम्यात आले की प्रकरण मिटते. ताबा का सुटला, तो किती तास गाडी हाकत होता, वळणाचा उतार बरोबर होता का, हे कोणी विचारत नाही. सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बस पेटून २५ माणसे होरपळली. त्या आगीने राज्यातल्या खासगी बसगाड्यांच्या बांधणीत काय बदलले, हे त्याच मार्गावरून रोज जाणाऱ्या प्रवाशाला विचारून पाहावे. लोकलची तऱ्हा तर आणखी न्यारी. गाडीतून पडून मेलेला प्रवासी रेल्वेच्या हिशेबात गाडीच्या अपघातात धरलाच जात नाही. मुंबईच्या रुळांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक जीव जातात आणि तरीही ‘रेल्वे अपघात घटले’ असे आकडे संसदेत सादर होऊ शकतात, ते यामुळे.

तेव्हा विमानाला घाबरू नका, एवढेच सांगून थांबणे सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. जी चौकशी आणि देखरेख विमानाला सुरक्षित ठेवते, तीच आपल्याकडे पोकळ होत चालली आहे. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयातील मंजूर पदांपैकी निम्म्याहून अधिक रिकामी होती, हे मार्च २०२५ मध्ये संसदीय समितीने नोंदवले. मंगळुरूच्या अपघातात १५८ जण गेले. त्या विमानाचा कप्तान उड्डाणात दीड तासाहून अधिक झोपला होता आणि पुरता जागा न होताच त्याने विमान उतरवायला घेतले, असे चौकशीत निघाले. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न तेव्हापासून टेबलावर आहे. त्यांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेणारा नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, विमान कंपन्यांनी कुरकुर करताच तो लांबणीवर पडला, आणि दिल्ली उच्च न्यायालयात वेळापत्रक द्यावे लागले तेव्हा कुठे १ जुलै २०२५ पासून लागू झाला. घाबरायचेच असेल तर प्रवाशांनी या दिरंगाईला घाबरावे. ढगातल्या हादऱ्यांना घाबरण्याचे कारण नाही. त्यासाठी कमरेचा पट्टा पुरेसा आहे.

अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधन तोडणारे खटके एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला ‘का बंद केलेस’ असे विचारले, दुसऱ्याने ‘मी केले नाही’ असे उत्तर दिले. कोण कोणाला म्हणाला, हे अहवाल सांगत नाही. याच जातीच्या खटक्यांची कुलूपव्यवस्था तपासून पाहावी, अशी सूचना अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये केली होती. ती सक्तीची नसल्याने एअर इंडियाने ती तपासणी केली नाही, हेही त्यात आहे. एवढ्या अर्धवट संवादावरून मृत वैमानिकांवर दूरचित्रवाणीवर खटले चालू झाले. तपास पूर्ण होईपर्यंत थांबावे, हे माध्यमांना सांगायलाच हवे. परंतु तपास यंत्रणेनेही संभाषण द्यायचे तर पुरते द्यावे, नाहीतर देऊ नये. अर्धे दिलेले शब्द अफवेला इंधन पुरवतात.

विमान अपघात तपास विभाग २०१२ मध्ये वेगळा झाला, पण तो आजही त्याच मंत्रालयाखाली आहे ज्याच्या नियामकाची कसूर त्याला प्रसंगी शोधायची असते. गंमत अशी की, रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वेच्या प्रभावाबाहेर राहावेत म्हणून त्यांना नेमके याच नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाखाली ठेवले आहे. रेल्वेला लावलेला न्याय विमानाला का नाही? अमेरिकेत विमान, रेल्वे, महामार्ग आणि जहाज या सगळ्यांच्या मोठ्या अपघातांचा तपास एकच स्वायत्त मंडळ करते आणि त्याचा अहवाल सर्वांना वाचता येतो. तसे मंडळ भारतात उभे राहिले, तर मुंब्र्याच्या वळणाचीही तेवढ्याच बारकाईने तपासणी होईल जेवढी मेघाणीनगरच्या अवशेषांची झाली. महाराष्ट्राच्या लोकसभेतल्या ४८ खासदारांपैकी कोणीतरी संसदेत दोन प्रश्न विचारावेत: महासंचालनालयातील रिकामी पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार, आणि मुंब्र्याच्या तपासाचा अहवाल जनतेसमोर कधी ठेवणार.