सोरायसिस तळहाताएवढाच, तरी त्रास मोठा का?

तुमच्या हाताचा पंजा म्हणजे शरीरावरच्या त्वचेचा साधारण 1 टक्का. सोरायसिस किती गंभीर, हे बरीच वर्षं अशा हिशेबानेच ठरत आलं. डाग थोडेच असले की आजार ‘सौम्य’, मलम लावा. पण तेवढाच डाग तळपायावर किंवा जांघेत असेल तर? चालणं, शरीरसंबंध, सगळंच अवघड.

2020 मध्ये इंटरनॅशनल सोरायसिस कौन्सिलने हा हिशेब बदलला. चेहरा, डोकं, नखं, तळवे किंवा जननेंद्रियावर आजार असेल, तर टक्केवारी कमी असली तरी गोळ्या-इंजेक्शनचा विचार व्हावा, असं सांगितलं.

कारण या जागी मलम कमी पडतं. डोक्यावर ते केसांतच राहतं, नखाखाली पोहोचत नाही, तळव्याची कातडी जाड. जांघेत उलटं: पातळ त्वचा स्टेरॉइड जास्त शोषते आणि आणखी पातळ होते. तरी दुकानातून ‘खाजेचं मलम’ आणून तिथंच चोळलं जातं. 2018 पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. कागदावर तरी.

हाताचं नवं नख पूर्ण यायला सुमारे सहा महिने लागतात, त्यामुळे औषधाचा निकाल महिन्याभरात लावू नका. आणि जांघेतला डाग डॉक्टरांनी विचारला नाही, तरी स्वतःहून सांगा.