तेरा घरांची एक फौज

आमच्या बी.ए.च्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला नेहमी जांभया देत बसतो. मी त्याला रागावत नाही. सैन्यभरतीसाठी तो पहाटे पाचला उठून धावायला जातो, हे मला ठाऊक आहे. घरी आई कन्नड बोलणारी, वडील मराठी. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवताना मी मॅसॅच्युसेट्सची पलटण, व्हर्जिनियाची पलटण असं सांगत होते. तेव्हा जांभई अर्धवट टाकून त्यानं विचारलं, "मॅडम, मग ते शिपाई लढत कुणासाठी होते? आपल्या राज्यासाठी की देशासाठी?"

वर्ग हसला. सीमाभागात या प्रश्नावर कुणीतरी हसतं आणि कुणीतरी गप्प होतं. तास संपला होता, म्हणून उत्तर पुढच्या तासावर ढकललं.

रविवारी मामांकडे गेले. मामा निवृत्त सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावातच असल्यामुळे अशा मामा-काकांची आपल्याकडे वाण नाही. मी त्यांना तो प्रश्न सांगितला. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि एवढंच विचारलं, "त्यांना पगार आणि कपडा कोण देत होतं?"

वाचकहो, इतिहासाची पाच पुस्तकं वाचून जिथं पोचावं, तिथं मामा एका वाक्यात पोचले होते.

अमेरिकेत तेव्हा 'देश' नव्हताच. होत्या तेरा वसाहती. प्रत्येकीची विधानसभा वेगळी, चलन वेगळं, अभिमान वेगळा. १४ जून १७७५ रोजी त्यांच्या कॉन्टिनेन्टल काँग्रेसनं एक समाईक फौज उभी करायचं ठरवलं. पेनसिल्व्हेनियातून सहा, मेरीलँडमधून दोन आणि व्हर्जिनियातून दोन अशा दहा रायफल कंपन्या मागवल्या. दुसऱ्या दिवशी जॉर्ज वॉशिंग्टन सरसेनापती झाले. २०२५ साली या गोष्टीला अडीचशे वर्षं झाली.

वॉशिंग्टन बॉस्टनजवळच्या छावणीत पोचले, तेव्हा तिथं एक फौज नव्हती, चार-पाच घरांची माणसं शेजारी-शेजारी मुक्कामाला होती. एका वसाहतीच्या शिपायाला दुसरीचा अधिकारी नको असे. आपल्या कन्नड भाषेत 'नम्मवरु' म्हणतात ना, आपली माणसं, तर प्रत्येकाचे 'नम्मवरु' आपापल्या गावचे होते. वॉशिंग्टन यांनी हे मोडायचा प्रयत्न केला. १ जानेवारी १७७६ पासून पायदळाच्या २७ रेजिमेंट नव्यानं बांधल्या गेल्या आणि त्यांना राज्यांची नावं न देता नुसते क्रमांक दिले. पहिली कॉन्टिनेन्टल, दुसरी कॉन्टिनेन्टल, अशी. पाटी बदलली, पण आतली माणसं त्याच त्या गावांची राहिली.

वर्षभरातच काँग्रेसला कळून चुकलं की नुसत्या क्रमांकासाठी माणूस नाव नोंदवत नाही. १६ सप्टेंबर १७७६ च्या ठरावात ८८ बटालियन उभारायचं ठरलं आणि त्यांची राज्यवार वाटणी झाली. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनिया प्रत्येकी १५, पेनसिल्व्हेनिया १२, नॉर्थ कॅरोलिना ९, कनेक्टिकट आणि मेरीलँड प्रत्येकी ८, साउथ कॅरोलिना ६, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी प्रत्येकी ४, न्यू हॅम्पशायर ३, ऱ्होड आयलंड २ आणि चिमुकल्या डेलावेअर व जॉर्जियाकडून एकेक. घरच्या कार्याला ऐपतीप्रमाणे शिधा मागावा, तसाच हा प्रकार. युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या शिपायाला काँग्रेस वीस डॉलर आणि शंभर एकर जमीन देणार होती. कर्नलपर्यंतचे अधिकारी राज्यांनी नेमायचे आणि कपडाही मुख्यतः राज्यांनीच पुरवायचा. एका राज्याच्या सगळ्या रेजिमेंट मिळून त्या राज्याची 'लाइन' म्हटली जाई.

आता मामांचा प्रश्न आठवा. ज्याचं राज्य सधन किंवा तत्पर, त्याच्या अंगावर कोट. ज्याचं राज्य हात आखडणारं, तो उघडा. याहून वाईट दशा, ज्यांना राज्यच नव्हतं त्यांची. कर्नल मोझेस हेझन यांची एक रेजिमेंट होती, कॅनडातल्या माणसांपासून सुरू झालेली. तिला 'काँग्रेसची स्वतःची' म्हणत. नाव मोठं भारदस्त! पण जी सगळ्यांची, तिच्यासाठी हक्कानं भांडणारं घर कुणाचंच नव्हतं.

तरीही ही फौज एक होत गेली. १७७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत बॅरन फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्यानं सगळ्यांना एकच कवायत शिकवली. त्याआधी ज्याची त्याची पद्धत निराळी होती. ऑक्टोबर १७७९ मध्ये गणवेशाचा हुकूम निघाला. कोट सगळ्यांचा निळा, पण कॉलर-बाह्यांवरची पट्टी मुलखाप्रमाणे वेगळी. न्यू इंग्लंडकडच्या राज्यांना पांढरी, न्यूयॉर्क-न्यू जर्सीला फिकट पिवळसर, पेनसिल्व्हेनिया ते व्हर्जिनिया तांबडी. कोट एक आणि काठ वेगळे! लुगड्यांची पारख असलेल्या आमच्या वाचक भगिनींना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

राज्याचा अभिमान कामीही आला. २७ ऑगस्ट १७७६ ला लाँग आयलंडच्या लढाईत मेरीलँडची मूठभर माणसं इंग्रजांना अडवून धरत राहिली, म्हणून बाकीच्यांना माघार घेता आली. ऱ्होड आयलंडनं माणसं कमी पडू लागल्यावर १७७८ साली गुलामांना फौजेत घेतलं आणि भरती होताच ते स्वतंत्र, असा कायदा केला. काही महिन्यांत तो दरवाजा बंद झाला, पण आत आलेले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेटानं लढले.

पण खरी परीक्षा झाली ती १ जानेवारी १७८१ ला. पेनसिल्व्हेनिया लाइन न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनजवळ थंडीत पडलेली होती. पगार थकलेला, कपडे फाटलेले. भरतीच्या कागदावर 'तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत' असं लिहिलेलं. शिपाई म्हणत, तीन वर्षं झाली, घरी सोडा. अधिकारी म्हणत, युद्ध कुठं संपलंय? शिपायांनी बंड केलं आणि शिस्तीत प्रिन्स्टनपर्यंत कूच केलं. इंग्रजांनी ही संधी साधून पैशांचं आमिष दाखवणारे दोन हेर पाठवले. बंडखोरांनी त्या दोघांना पकडून आपल्याच अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. पुढं त्यांना फाशी झाली. शिपायांचा राग घरातल्या कारभाऱ्यांवर होता, घर विकायला ते तयार नव्हते. पेनसिल्व्हेनियाच्या सरकारचे प्रमुख जोसेफ रीड यांनी स्वतः येऊन तडजोड केली. निम्म्याहून जास्त माणसं मोकळी झाली आणि त्यांतली बरीचशी पुन्हा भरतीही झाली. त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या पलटणींनी बंड केलं तेव्हा मात्र दोघांना गोळ्या घातल्या गेल्या, त्याही सोबत्यांच्याच हातून.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. हाच कॉर्नवॉलिस पुढं आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणापुढं उभा राहिला, हरिपंत फडके यांच्या फौजेसोबत. त्याआधीच्या वर्षी परशुरामभाऊ पटवर्धन यांनी धारवाड घेतलं होतं. आणखी एक गंमत. इंग्रजांशी लढणाऱ्या हैदर अलीचं नाव तेव्हा अमेरिकेपर्यंत पोचलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच 'हैदर अली' होतं आणि एप्रिल १७८२ मध्ये त्यानं 'जनरल मंक' हे इंग्रजी जहाज पकडलं.

युद्ध संपल्यावर काय झालं? जून १७८४ मध्ये काँग्रेसनं फौज ८० माणसांवर आणली. आणि दुसऱ्याच दिवशी सरहद्दीसाठी ७०० माणसं मागितली, पुन्हा चार राज्यांकडेच!

पुढच्या तासाला हे सगळं सांगितलं. तो मुलगा त्या दिवशी जांभया देत नव्हता. मी म्हटलं, "तुझ्या प्रश्नातला 'की' काढून टाक. त्या शिपायाला राज्याकडून कपडा मिळाला, ओळखीची माणसं मिळाली, भांडायला हक्काचं ठिकाण मिळालं. त्या आधारावरच तो देशासाठी उभा राहू शकला. पण घरानं वाऱ्यावर सोडलं, तर किती दिवस उभा राहील, हेही त्यानं मॉरिसटाउनला दाखवून दिलं."

त्यानं मान हलवली. तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला. हातात कॉलेजचाच कुठलासा अर्ज होता आणि मातृभाषेचा रकाना कोरा.

"मॅडम, इथं एकच लिहायची जागा आहे."

"मग आईला विचारून लिही," मी म्हटलं.

"विचारलं. ती म्हणते, अप्पांना विचार. अप्पा म्हणतात, आईला विचार."

आम्ही दोघंही हसलो. मी पेन घेतलं, त्या रकान्यात दोन्ही नावं बारीक अक्षरांत लिहिली आणि खाली माझी सही केली. जागा पुरली.