मोटरच्या जिमचा ठराव करण्याआधी

येत्या गुरुवारी आपल्या नगरपालिकेची सर्वसाधारण सभा आहे. त्यात एक विषय आहे, प्रत्येक वॉर्डात "मोटरवर चालणारी देशी जिम" बसवण्याचा. एकूण चौदा नग. ही मागणी सुरू झाली ती माझ्याच बातमीवरून, त्यामुळे आता थांबा म्हणायचं कामही माझ्याकडेच येतं. शिव्या द्यायच्या तर जरूर द्या, फक्त शेवटपर्यंत वाचून द्या.

तर झालं असं. आपल्या गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवणारा एक पोरगा आहे. डिप्लोमा झालेला, वय सव्वीस-सत्तावीस. त्याची आई गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हातातली ताकदच गेलेली. पाण्याची कळशी उचलेना. फिजिओथेरपीवाल्यांनी रबराची ट्यूब ओढायला सांगितली. ट्यूबचं कसं असतं, सुरुवातीला हलकी लागते आणि शेवटी एकदम ताठ होते. डंबेल आणले तर दोन किलोनंतर थेट तीन. काकूंना मधलं हवं होतं.

पोरानं भंगारातून इलेक्ट्रिक स्कूटरची हब मोटर आणली, लेथवर आठ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम करून घेतला, त्यावर दोर गुंडाळला आणि कंट्रोलर लावला. मोटरला जितका करंट द्यावा तितका दोर ओढला जातो. म्हणजे लोखंडाच्या प्लेटा नाहीत, फक्त बटण फिरवायचं. दोन किलो, अडीच किलो, तीन किलो. सगळं मिळून दिवाणाखाली सरकवता येईल एवढी पेटी. दोन खोल्यांच्या घरात जिम मावली ती अशी.

मी बातमी केली, व्हिडिओ टाकला. तुम्हीच तो गावभर फिरवलात. मथळा होता "परदेशी जिमला गावठी उत्तर". आज वाचताना जरा लाज वाटते. कारण यंत्र चालताना मी दहा मिनिटं पाहिलं होतं आणि बंद पडताना एकदाही नाही.

ते नंतर पाहिलं. तीस किलोवर दोर ओढत होतो आणि लाईट गेली. आपल्याकडे ती कधीही जाते. हातातलं वजन क्षणात शून्य, आणि मी मागच्या मागे फरशीवर. पोरं हसली, मीही हसलो. दुसऱ्या खेपेला हसू आलं नाही. मोटरच्या आत चाक कुठे आहे ते सांगणारे सेन्सर असतात, त्यातल्या एकाची वायर सैल झाली होती. कंट्रोलर गोंधळला, दोराला जोराचा हिसका बसला. माझा उजवा खांदा तीन आठवडे धरला होता. मी पंचेचाळीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस. तिथे काकू असत्या तर?

लोखंडाचं वजन मुकं असतं. तुम्ही उचललं तर उठतं, सोडलं तर पडतं, ते स्वतःहून तुमच्या अंगावर येत नाही. मोटर येऊ शकते. सगळा फरक एवढ्यातच आहे, आणि ठरावात त्याबद्दल एक ओळ नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. आम्ही दोराला स्प्रिंगचा ताणकाटा लावून पाहिला. दोर ड्रमवर एका थरात असताना पडद्यावर तीस, काट्यावरही तीस. दोराचा दुसरा थर चढला की काटा सत्तावीसच्याही खाली. पोरगा म्हणाला, "दादा, साधं आहे. दोर पाच मिलिमीटरचा, म्हणजे ड्रमची त्रिज्या चारची साडेचार झाली. मोटरचा जोर तोच, मग ओढ कमी होणारच." पेटी लहान करायची तर ड्रम लहान हवा, ड्रम लहान केला की थर वाढतात आणि दोर जास्त वाकून लवकर झिजतो. त्यानं आता दोर एकाच थरात बसावा म्हणून ड्रमवर खाचा पाडून घेतल्यात. पेटी चार बोटं रुंद झाली. काकूंचा दिवाण विटांवर उचलावा लागला, तो भाग वेगळा.

तिसरी उष्णतेची. स्कूटरवर मोटर सतत फिरते, वारा लागतो. इथे ती सहा फेऱ्या पुढे, सहा मागे, आणि मध्ये नुसती ताणून धरलेली. न फिरता जोर लावणारी मोटर सगळा करंट तापण्यात घालवते. पंधरा मिनिटांत हात लाववेना. घरी एकटी बाई दिवसातून वीस मिनिटं वापरते तिथे हे चालून जाईल. वॉर्डातल्या व्यायामशाळेत संध्याकाळी रांगेनं पंचवीस पोरं ओढणार, तिथे?

आता कुणी म्हणेल, हा गावच्या पोराच्या पोटावर पाय देतोय. उलट आहे. अमेरिकेत टोनल नावाचं असंच भिंतीला लावायचं यंत्र २०१८ मध्ये बाजारात आलं. दोन्ही दोर मिळून दोनशे पाउंड, म्हणजे नव्वद किलोच्या आसपास ओढ. तेव्हा किंमत सुमारे तीन हजार डॉलर होती, वर दर महिन्याची वर्गणी. बंगळूरुची अॅरोलीप कंपनीही भिंतीवरचं यंत्र बनवते. ही यंत्रं आपल्या गावात कुणाच्या भिंतीवर लागणार आहेत? आणि गरज तर इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा असं आहे. पासष्टीपुढच्यांनी तर तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन दिवस करायचा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आला. त्यांनाही या व्यायामाचा फायदा होतो.

तालमीचा मला अभिमान आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, ते काय उगाच नाही. पण आपल्या गावच्या तालमीत साठीची बाई पाऊल टाकू शकते का, खरं सांगा. बागेतल्या ओपन जिमवर सकाळी काकू दिसतात, पण त्यातल्या बहुतेक यंत्रांवर आपल्याच अंगाचं वजन ढकलायचं असतं. ते कमी-जास्त करता येत नाही. म्हणून घरात बसणारी, अर्ध्या किलोनं वाढणारी, परवडणारी पेटी हा खरोखरच सार्वजनिक प्रश्न आहे.

सरकारला मात्र तो दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. खेळाचं साहित्यही ५ टक्क्यांत गेलं. व्यायामाची उपकरणं मात्र १८ टक्क्यांतच. म्हणजे पोरगा जिमला जातो त्याला सूट, आई घरात दोर ओढते तिला नाही. खासदार साहेबांनी ओपन जिमचं उद्घाटन करताना यावरही बोलावं.

नगरपालिकेला माझं म्हणणं एवढंच. चौदा नग घेऊ नका, दोन घ्या. एक सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीच्या देखरेखीखाली ठेवा, दुसरं जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला सहा महिने मोडायला द्या. होय, मोडायलाच. ओढत असताना लाईट घालवा, सेन्सरची वायर काढा, दोर अर्धा कापून ओढा. ट्रेडमिलला असते तशी कपड्याला अडकवायची चिमटीची दोरी सक्तीची करा. हँडल पेटीत खेचलं जाऊ नये म्हणून दोरावर रबरी गोळा लावा. लाईट गेल्यावर मोटरचं वायंडिंग आपोआप शॉर्ट व्हावं, म्हणजे ती एकदम सैल न पडता जड होते. हे पोरानं करून दाखवलंय, शंभरेक रुपयांच्या रिलेत. आणि या सहा महिन्यांचे पैसे त्याला द्या. दुकान बंद ठेवून हे काम फुकट करायला तो काही कुणाचा जावई नाही.

परतीच्या हालचालीचंही ठरवा. हात खाली येताना स्नायू जास्त भार सोसतो, म्हणून ही यंत्रं परतताना वजन वाढवू शकतात. पोरांना ते फार आवडतं. दुसऱ्या दिवशी हात वर होत नाही तेव्हा आवडत नाही. वॉर्डातल्या यंत्रात हे बटण कुलपात हवं.

हे सगळं मी संबंधित नगरसेवकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "निधी मार्चअखेर खर्च करायचाय, तुम्ही आता खोडा घालू नका." पोराकडून चौदा नगांचं कोटेशन मागवलंय, मुदत पंधरा दिवस. काल रात्री तो घरी आला होता. कागद हातात घेऊन बराच वेळ बसला. एवढे पैसे त्यानं एकरकमी कधी पाहिलेले नाहीत. मी सही करू नको म्हणालो नाही, म्हणवलं नाही. कोटेशनमध्ये चाचणीचा खर्च वेगळा दाखव, एवढंच सांगितलं.

काकू सध्या साडेचार किलोवर आहेत. चिमटी पदराला अडकवून ओढतात. सभा गुरुवारी सकाळी अकराला, नगरपालिकेच्या सभागृहात. प्रेक्षक गॅलरी सगळ्यांना खुली असते.