टॅबचं टेबल घरीच मांडा

निबंध, प्रकल्प टाइप करायला मुलांना नवा लॅपटॉपच हवा, हे मला पटत नाही. घरात टॅब असेल तर निम्मं काम झालेलंच असतं. भाचीसाठी मी सुताराकडून प्लायवूडचा उरलेला तुकडा आणला, टॅबच्या जाडीहून किंचित रुंद अशी तिरकी खाच पाडून घेतली आणि आत जुन्या सतरंजीची पट्टी चिकटवली. चार्जिंगची पिन येते तिथे लाकूड कोरून घेतलं, नाहीतर वायर मुडपते आणि पोर्ट ढिला होतो. खाली दोन जाड शब्दकोश ठेवले. स्क्रीन डोळ्यांसमोर आली, पोरीची मान सरळ झाली. जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड आणि माउस यूएसबी हबला जोडले. हब मात्र टॅब चार्जही करेल असाच घ्यावा.

टॅबला मोठा पडदा जोडायचा तर खरी अडचण मॉनिटरची. टाइप-सी पोर्ट दिसायला सगळे सारखे, पण बऱ्याच स्वस्त टॅबच्या पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. त्यासाठी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड ही चित्र बाहेर पाठवण्याची सोय लागते आणि दुकानदाराला विचारलं तर तो नुसता खांदे उडवतो. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या टॅबना टाइप-सी सक्तीचा केला, चार्जिंगला किती वॅट लागतात तेही छापायला लावलं. तसंच आपल्याकडे सरकारने पोर्टमधून चित्र बाहेर येतं की नाही, हे खोक्यावर ठळक छापणं सक्तीचं करावं. विद्यार्थ्यांसाठी घाऊक टॅब घेणाऱ्यांनी तर निविदेतच ही अट घालावी. शाळेत धूळ खात पडलेले एचडीएमआयचे मॉनिटर मग कामाला येतील.